घर क्रमांक सात

पडद्यावर हिरव्या ठिपक्यांच्या बारा ओळी होत्या आणि वरून सातव्या ओळीत एक जागा रिकामी होती. माझी नजर नेमकी तिथंच गेली. सत्तावीस वर्षं मी पिंपरीच्या एका औषध कारखान्यात इंजेक्शनच्या बाटल्या डोळ्यांसमोर धरून त्यांतलं कुसळ शोधत होते. हजार सारख्या गोष्टींतली एक वेगळी गोष्ट मला शोधावी लागत नाही, ती आपण होऊन डोळ्यांत येते. रिकाम्या जागेखाली बारीक अक्षरांत तारीख होती, पंचवीस डिसेंबर. पंचवीस डिसेंबरला आम्ही देहूरोडच्या विहाराला जातो. लग्न झाल्यापासून एक साल चुकलेलं नाही. सकाळी उजाडायच्या आत भाकऱ्या बांधून निघायचं, ते दिवेलागणीला परत. त्या दिवशी घराला कुलूप असतं, घरात कुणी बटण दाबायला नसतं. मी खुर्चीचा हात धरला. "आता हे सात नंबरचं घर बघा," पडद्याजवळ उभा असलेला बुद्धरत्न म्हणाला. तो डबा बनवणाऱ्या सगळ्या पोरांचा साहेब, वय असेल पस्तीस. "दोनशे अकरा दिवस. एक दिवस सोडला तर रोज उत्तर. एक पिवळा, बाकी सगळे हिरवे. आपल्या बारा घरांत एवढं नियमित कुणीच नाही. डबा वापरायला किती सोपा आहे त्याचं हे उदाहरण." डबा बघायला आलेल्या पाहुण्यांतल्या कुणीतरी विचारलं, ओळ तीस मार्चला का संपते. बुद्धरत्न म्हणाला, "त्यानंतर तो वापरकर्ता योजनेतून बाहेर पडला." माझ्या शेजारी बसलेल्या खुशनुमानं मान खाली घातली.

ते बाहेर पडलेले म्हणजे साहेबराव, माझे मालक. ते असताना मी त्यांचं नाव कधी तोंडानं घेतलं नाही. आता कागदावर घ्यावंच लागतं. आणि खुशनुमा म्हणजे आमच्या कासारवाडीतल्या अजीजभाईंची मुलगी. अजीजभाईंचं स्टेशनाजवळ गॅरेज आहे, साहेबरावांची लुना त्यांनी वीस वर्षं जिवंत ठेवली. पोरगी शिकली, हिंजवडीत लागली, आणि गेल्या वर्षी तिनंच तो डबा आमच्या घरी आणला. ज्यांचं हृदय दमलेलं आहे, अंगात पाणी साठतं, अशा माणसांसाठी. रोज सकाळी डबा विचारणार, माणूस उत्तर देणार, आणि ते उत्तर दवाखान्यातल्या सिस्टरला तिच्या पडद्यावर दिसणार. आता त्या डब्याचं नवं रूप तयार झालं होतं आणि ते बघायला मला सहाव्या मजल्यावरच्या ह्या गार खोलीत आणलं होतं. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून चारशे घरांत तो बसणार होता. चारशे. त्या खोलीत फक्त मला माहीत होतं की सात नंबरची ओळ खोटी आहे. आणि शेवटचे अकरा ठिपके तर साहेबरावांचेसुद्धा नाहीत, माझे आहेत. ते सांगायचं, एवढंच आज माझं काम होतं. बाकी कशासाठी मी एवढ्या लांब आले नव्हते. सकाळी कंपनीची गाडी दारात आली तेव्हा चपलेचा पट्टा मी शेवटच्या भोकात लावला, तरी आता तो रुतत होता. वाटेत वाहनं तुंबली होती, दोन तास पाय लोंबकळत राहिले, त्यामुळे असेल असं मी मनाला सांगितलं.

पाहुणे काचेपलीकडच्या खोलीत गेले. टेबलाशी मी, समोर खुशनुमा, बाजूला एक लहान कॅमेरा, त्यावर लाल दिवा. भिंतीकडेच्या खुर्चीत महापालिकेच्या दवाखान्यातल्या अंजली सिस्टर, त्यांना त्यांच्याकडचा पडदा वापरून बघायचा होता. त्या सरळ ड्यूटीवरून आल्या होत्या, पर्स मांडीवर धरून डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांचा आवाज मी फोनवर एकदा ऐकला होता. त्यांनी मला ओळखलं नाही, ओळखायचं कारणही नव्हतं. "आजी, एक लक्षात ठेवा," खुशनुमा म्हणाली. "आपण तुमची परीक्षा घेत नाही, डब्याची परीक्षा घेतोय. तुमचं काही चुकूच शकत नाही. चुकलं तर ते आमचं. आणि मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहा. जे डोक्यात चाललंय ते आम्हाला ऐकायचंय." मी म्हणाले, "सगळं?" ती हसली. "सगळं." मग तिनं डबा माझ्यापुढं सरकवला. पांढरा, जेवणाच्या डब्याएवढा, वर काचेचा पडदा आणि त्यावर तीन मोठी गोल बटणं, हिरवं, पिवळं, लाल. प्रत्येकावर चेहरा, हसरा, सरळ ओठांचा, रडवा. मी म्हणाले, "बटणं मोठी आहेत. दिसतात चांगली." खुशनुमानं लिहून घेतलं.

तुमची परीक्षा घेत नाही, हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. आमच्या तपासणीच्या हॉलमध्ये रोज परीक्षा असायची. समोर एक फळी, अर्धी काळी, अर्धी पांढरी, वर ट्यूबचा उजेड. दोन्ही हातांत दोन-दोन बाटल्या उलट्या धरायच्या, मनगटानं हलके फिरवायच्या, आधी काळ्यावर बघायचं, मग पांढऱ्यावर. पांढरं कुसळ काळ्यावर दिसतं आणि काळं पांढऱ्यावर. काचेचा कण असेल तर तो बुडाशी चमकून जातो, एकदाच, त्या क्षणी पापणी लवली की गेला. शेजारी गोजाबाई बसायची, ती बाटल्या बघता बघता पुटपुटायची, "कुणाच्या शिरंत जायचं असंल गं हे, कुणाच्या लेकराच्या." आणि सुपरवायझर बाई ट्रेमध्ये मुद्दाम चार-दोन खराब बाटल्या मिसळून ठेवायच्या, बुडाला खूण करून. आम्ही त्यांना चोर बाटल्या म्हणायचो. संध्याकाळी मोजणी व्हायची, कुणाच्या हातून चोर सुटला. सत्तावीस वर्षांत माझ्या हातून एकच सुटला. धम्मरत्न पोटात होता तेव्हा, गरगरत होतं. त्या एका बाटलीसाठी मी आठ दिवस जेवले नव्हते, साहेबराव म्हणाले होते, "ती काय खरी जाणार होती का कुणाच्या अंगात? उगं जीव खातीस." पण मला ती बाटली अजून आठवते. तिच्यात एक निळसर धागा होता, तरंगत, मजेत. काळ्यावर काय दिसतं आणि पांढऱ्यावर काय दिसतं हे आम्हाला शिकवलं होतं. हिरव्यावर काय दिसतं ते कुणी शिकवलं नाही.

"काय विचार करताय आजी? बोला की," खुशनुमा म्हणाली. "आवाज गोड आहे डब्याचा," मी म्हणाले. खरंच गोड होता. सुप्रभात, आज कसं वाटतंय, असं एक बाई विचारायची. पहिल्यांदा डबा आणला तेव्हा त्याच्याबरोबर वजनाचा काटा होता आणि पाच प्रश्न होते. रात्री किती उशा घेतल्या, पायावर सूज आहे का, जिना चढताना किती वेळा थांबलात, असे. आणि रोज काट्यावर उभं राहायचं, वजन आपोआप डब्यात जायचं. दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी, चरबी नव्हे, असं खुशनुमानं आम्हाला समजावून सांगितलं होतं. साहेबराव काट्यावर चढायचे आणि एका हातानं खिडकीचा गज धरून अंग वर उचलायचे. मी बघितलं तर डोळे मोठे करायचे. सकाळी सकाळी हे नाटक, मग चिडचिड, मग चहा थंड. महिन्यानं खुशनुमा वही घेऊन आली, "आजी, वापरताना काय त्रास होतो? अगदी खरं सांगा." मी म्हणाले, "तो काटा तेवढा नको बाई. चढताना तोल जातो, पडतील कधीतरी. आणि प्रश्न किती ते." तिनं ते लिहून घेतलं. तिथं मी खोटं बोलले नाही, तोल जातच होता. पंधरा दिवसांनी नवा डबा आला. काटा गेला, प्रश्न एकच उरला, बटणं तीन. अजीजभाई बघायला आले होते, कौतुकानं म्हणाले, "क्या बात है, लुनापेक्षा सोपं केलं पोरीनं." सगळे खूश होते. मीसुद्धा. तिची पहिलीच नोकरी, आणि तिचं काम आमच्या फडताळावर बसलेलं. गज धरून फसवता येणारा काटा तरी होता. दोन किलो लपवायला त्यांना घाम गाळावा लागायचा. हसऱ्या चेहऱ्याला काही लागत नव्हतं.

"आता समजा, तुम्हाला दम लागतोय आणि ते कळवायचंय. काय कराल?" खुशनुमानं विचारलं. मी लाल बटणाकडं बघितलं. बोट हवेत राहिलं. साहेबरावांनी चौतीस वर्षं लाइनवर काढली, आकुर्डीच्या एका गाड्यांच्या कंपनीत. लाइनवर प्रत्येक ठिकाणी डोक्याशी एक लाल बटण असायचं. काही बिघडलं तर दाबायचं. दाबलं की छतावरच्या पाटीवर तुमच्या जागेचा नंबर लाल होतो, भोंगा वाजतो, सगळी लाइन थांबते, दीडशे माणसं हात खाली सोडून तुमच्याकडं बघतात आणि ऑफिसातून माणसं धावत येतात. कागदावर नियम चांगला होता. एक्क्याण्णव साली साहेबरावांनी ते एकदा दाबलं. एका बोल्टचा आटा फिरत होता, धरत नव्हता. सात मिनिटं लाइन बंद. बोल्ट खरोखर खराब निघाला. पण गेटाजवळच्या फळ्यावर त्या महिन्यात खडूनं लिहिलं होतं, साहेबराव, सात मिनिटं. रोज आत जाताना आणि बाहेर येताना. मित्र म्हणायचे, "काय राव, आज किती मिनिटं?" कॅन्टीनमध्ये कुणीतरी त्यांच्या ताटात भोंग्याचा आवाज काढून डाळ वाढली. ते घरी येऊन हसत हसत सांगायचे, आणि सांगून झालं की बराच वेळ हात धूत बसायचे. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यांनी ते बटण दाबलं नाही. एकदा अंगठ्याचं नख निघालं, फडकं गुंडाळून पाळी पूर्ण केली. निरोपाच्या दिवशी साहेब भाषणात म्हणाले, ह्यांच्यामुळे वीस वर्षांत लाइन एकदाही थांबली नाही. तो कागद फ्रेम करून आमच्या भिंतीवर आहे, आणि त्याच्याच खाली फडताळावर खुशनुमानं डबा ठेवला होता.

एका बटणाला चेहरा दिला म्हणून ते दुसरं होत नाही. जानेवारीत एक दिवस ते अंघोळीला गेले होते, मोरीतून त्यांचा श्वास मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता, भाता चालावा तसा. मी ओला हात पदराला पुसला आणि पिवळं दाबलं. लाल दाबायचं धैर्य मलाही झालं नाही. अर्ध्या तासात फोन वाजला. "नमस्कार, दवाखान्यातून अंजली सिस्टर बोलतेय. आजोबांनी आज पिवळं दाबलंय. दम लागतोय का?" मी बोलणार तेवढ्यात साहेबरावांनी फोन हातातून घेतला. कमरेला टॉवेल, अंगावरून पाणी गळतंय, आणि ते असे ताठ उभे राहिले की जणू समोर ऑफिसर आहे. "न्हाई न्हाई सिस्टर, काही न्हाई. चुकून बोट लागलं. माफी असावी." पलीकडून आवाज आला, "बरं बरं, काळजी घ्या हं." फोन ठेवून ते पलंगावर बसले, पाच मिनिटं बोलता आलं नाही. मग म्हणाले, "कुणी दाबलं?" "मी." "का?" "दम लागत होता तुम्हाला." "दम मला लागतूय, तू कशाला लोकांला पळवतीस? त्या पोरीची लाइन थांबवली उगंच. तिला काय एक आपलंच घर हाय?" मी फरशीवर गळलेलं पाणी पुसलं. तो सातव्या ओळीतला एकुलता पिवळा ठिपका, खरा. बुद्धरत्न त्याच्यावरून बोट फिरवून पुढं गेला होता.

"आजी?" खुशनुमाचा आवाज आला. मी म्हणाले, "लाल दाबेन." तिनं दाबायची खूण केली आणि मी दाबलं. भिंतीकडं अंजली सिस्टरांच्या पडद्यावर एक चौकोन लाल झाला आणि बारीक टुणटुण वाजलं. "हे छान आहे," त्या डोळे चोळत म्हणाल्या. "मागच्या वेळी सगळ्यांचे आकडे दिसायचे, डोकं उठायचं. आता फक्त लाल-पिवळं वर येतं, हिरवी घरं खाली बंद. शांत वाटतं बघायला." खुशनुमानं विचारलं, "हिरवं घर कधी उघडून बघता का, सिस्टर?" सिस्टर म्हणाल्या, "अगं, बाराची साठ घरं झालीत आत्ता, त्यात ओपीडी, त्यात इंजेक्शनं. चारशे होतील तेव्हा? हिरवं उघडायला वेळ कुठाय. हिरवं आहे म्हणजे बरं आहे." त्यांच्यावर मला राग आला नाही. एका पाळीत चार हजार बाटल्या आम्हीही बघायचो. शेवटच्या तासाला स्वच्छ बाटली दिसली की तिचे आभार मानावेसे वाटायचे. धम्मरत्नाचंही तसंच झालं. माझा मुलगा चाकणला असतो, कंपनीत, पाळ्या बदलत्या. डबा यायच्या आधी रोज सकाळी त्याचा फोन यायचा, "आई, पप्पांची रात्र कशी गेली?" डबा आला, त्याच्या मोबाइलवर तो हिरवा ठिपका उमटू लागला, आणि फोन थांबला. आठवड्यानं कधी मी लावला तर म्हणायचा, "अगं बघतो ना मी रोज. हिरवं असतं. मस्त आहे ते, टेन्शन गेलं." मार्चच्या तीस तारखेला तो आला तेव्हा जिन्यात उभा राहून एकच म्हणत होता, "पण आज सकाळी हिरवं होतं. आई, सकाळी तर हिरवं होतं." सगळे म्हणाले अचानक गेले. दाखल्यावर झटका असं आहे. सिस्टर आणि डॉक्टर, अजीजभाई, सगळ्यांच्या तोंडी तोच शब्द होता, अचानक. मी रडत होते आणि त्या शब्दाला मान हलवत होते.

अचानक काही नव्हतं. वीस मार्चपासून त्यांना फडताळापर्यंत जाता येईना. आडवं झालं की गुदमरायचं, म्हणून चार उशा आणि गादीची गुंडाळी लावून ते बसूनच झोपायचे. पहिल्यांदा दवाखान्यात होतो तेव्हा डॉक्टरांनी मला दाखवलं होतं, घोट्याच्या वर अंगठ्यानं असं दाबायचं, खड्डा पडून तसाच राहिला की एक दिवसही थांबायचं नाही, घेऊन यायचं. मी रोज सकाळी दाबायची. खड्डा राहायचा. मी मनात अंक मोजायची, वीस झाले तरी तो भरायचा नाही, पिठात बोट रुतल्यासारखा. वर बघितलं की ते माझ्याकडंच बघत असायचे. "चला जाऊ," मी म्हणायची. "उद्या बघू," ते म्हणायचे. मग डबा विचारायचा, सुप्रभात, आज कसं वाटतंय. "दाब हिरवं," ते म्हणायचे. आणि मी दाबायची. त्याच अंगठ्यानं. अकरा दिवस. का, हे मी आठ महिने स्वतःला विचारते आहे. नवऱ्याचं ऐकायची सवय म्हणावी तर मी त्यांचं कधी सगळं ऐकलं नाही, माझा पगार होता, माझं मत होतं. भीती म्हणावी तर कसली? जे थोडंसं समजतं ते असं की दाबल्यावर डबा म्हणायचा, "छान! दिवस चांगला जावो," आणि ते ऐकून त्यांचा चेहरा सैल पडायचा. आणि माझाही. एक दिवस मिळायचा. मी चहा टाकायची. खिडकीतून लोणावळ्याकडं जाणाऱ्या गाडीचा आवाज यायचा, ते म्हणायचे, आज लेट हाय. पायावर खड्डा आणि घरात छान, दोन्ही एका वेळी, आणि मी, जिच्या हातून सत्तावीस वर्षांत एक बाटली सुटली, मी ते रोज समोर धरून पास करत होते.

"खुशनुमा," मी म्हणाले. "ते हिरवे खरे नव्हते." तिचं पेन थांबलं. "कुठले, आजी?" "सात नंबरचे. आमचे." आणि मग मी सांगितलं. लाइन, लाल बटण, फळ्यावरची सात मिनिटं, पिवळ्याचा फोन, माफी असावी. बोलताना मधेच मला दम लागला, मी पाणी प्याले. काचेपलीकडून बुद्धरत्न कधी आत आला कळलं नाही. तो दाराला टेकून ऐकत होता. माझं संपल्यावर तो म्हणाला, "माझे पप्पा पण नाही दाबायचे." तो दोन पावलं पुढं आला. "मोरवाडीत राहायचो आम्ही, तेही लाइनवर होते. पप्पा सांगायचे, लाल म्हणजे इज्जत गेली." त्यानं चष्मा काढून पुसला. मला वाटलं, पोहोचलं. ह्या पोराला कळलं. चारशे घरांच्या आधी कळलं. त्यानं टेबलावरचा पिवळा चिकटकागद ओढला, त्यावर लिहिलं, लाल म्हणजे लाइन बंद, आणि तो भिंतीवर बाकीच्या कागदांशेजारी चिकटवला. "हे सोनं आहे, आजी," तो म्हणाला. "खरंच सोनं. दोन वर्षांत कुणी हे सांगितलं नव्हतं. खुशनुमा, रंग काढ. लाल नको, हिरवं नको. चेहरे पण नको, रडवा चेहरा कोण दाबेल? निळा, जांभळा, केशरी. फुलं टाक." आणि मी बघत असतानाच तिनं ते केलं. दहा मिनिटं लागली नसतील. डब्याच्या पडद्यावरची बटणं निळी, जांभळी, केशरी झाली, प्रत्येकात एक फूल. बुद्धरत्न माझ्या पायाशी वाकला, नमस्कार केला आणि पाहुण्यांना सांगायला धावत गेला. मी म्हणत होते, "रंगाचं नाही रे बाळा ते." पण तोवर दार लागलं होतं.

मग मी खुशनुमाला म्हणाले, "अजून एक आहे. शेवटचे अकरा मी दाबले. ते सांगत होते आणि मी दाबत होते. मला माहीत होतं. पाय दाबून बघत होते रोज." तिनं माझ्याकडं बघितलं. हीच पोरगी लहानपणी गॅरेजच्या पायरीवर माझ्या हातचा लाडू खात बसायची. तिनं हळूच हात लांब करून कॅमेरा बंद केला. लाल दिवा विझला. "आजी, हे रेकॉर्डमध्ये नको," ती अगदी हळू म्हणाली. "हे लिहिलं तर उद्या कुणीतरी तुम्हाला विचारेल. धम्मरत्नदादा वाचेल. तुम्हाला कुणी काही बोलायला नको." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "अगं पण त्याच्यासाठीच तर," मी म्हणाले. "चारशे घरांत माझ्यासारख्या बाया असतील." "हो आजी. पण ती बाई डब्यात कुठं बसवू मी? तिच्यासाठी बटण कसं करू?" ती हे उलटून बोलली नाही. ती खरोखर विचारत होती. भिंतीकडं अंजली सिस्टर पुन्हा डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं की नाही मला कळलं नाही. खुशनुमानं माझा हात धरला, मग नाक पुसलं, कॅमेरा परत लावला आणि कामाच्या आवाजात म्हणाली, "शेवटचं एक, आजी. आता कुणाचं नाटक नाही. तुम्ही स्वतः. आज तुम्हाला कसं वाटतंय, ते नव्या बटणांवर सांगा."

टेबलाखाली माझे पाय होते. पट्टा रुतल्याची कड मला चपलेकडं न बघता कळत होती. मागच्या आठवड्यापासून मी दोन उशा घेते. आमच्या जिन्याला सतरा पायऱ्या आहेत आणि मी नवव्या पायरीवर थांबते, गौहरच्या दारातली तुळस बघायचं निमित्त करते. अजीजभाईंची बायको ती, तिला वाटतं मला तुळस आवडते. तिनं परवा एक फांदी कुंडीत लावून दिली. समोर खुशनुमा बघत होती, डोळे अजून ओले, आणि तिच्या कपाळावर ती दिवसभर काम केलेल्या माणसाची आठी. बाहेर गाड्या तुंबल्या असतील, तिला कासारवाडीला पोहोचायला आठ वाजतील. मी केशरी दाबलं तर सिस्टरांचा पडदा वाजेल, त्यांचे डोळे उघडतील, पाहुणे परत येतील, सगळे उभे राहून माझ्या पायांकडं बघतील. सात मिनिटं. मी अंगठा पुढं केला आणि निळं दाबलं. फूल उमललं. "छान! दिवस चांगला जावो." सिस्टरांच्या पडद्यावर एक निळा चौकोन खाली सरकून मिटला. "सोपं वाटलं?" खुशनुमानं विचारलं. "खूप सोपं," मी म्हणाले. तिनं लिहून घेतलं.

चारशेतला पहिला डबा आभार म्हणून, तारखेआधीच, त्यांनी मलाच दिला, गाडीत माझ्या मांडीवर ठेवून. खुशनुमानं घरी येऊन तो फ्रेमखालच्या फडताळावर जुन्याच जागी लावला आणि धम्मरत्नाच्या मोबाइलला जोडला. सकाळी मी पलंगाच्या कडेला बसले, लुगडं वर घेतलं आणि घोट्याच्या वर अंगठ्यानं दाबलं. एक, दोन, तीन. बाहेर लोणावळ्याची गाडी गेली. नऊ, दहा. "सुप्रभात," डबा म्हणाला, "आज कसं वाटतंय?" खोलीत कुणी नव्हतं. मनात येईल ते मोठ्यानं बोला, असं आता कुणी सांगत नव्हतं. "सूज आहे," मी मोठ्यानं म्हणाले. "खड्डा पडतोय. नवव्या पायरीवर थांबते मी." माझाच आवाज मला परका वाटला. डबा थांबून राहिला, फुलं हलकी उघडझाप करत होती. त्याला ऐकू येत नाही, फक्त बोट कळतं. थोडा वेळ थांबून त्यानं पुन्हा विचारलं, त्याच गोडव्यानं. चाकणला धम्मरत्नाची पहिली पाळी सुरू झाली असेल. आत जाताना तो मोबाइल एकदा बघतो. मी भिंत धरून उठले आणि फडताळापर्यंत गेले. मोजणी मधेच राहिली होती. खाली बघितलं, खड्डा अजून तसाच होता. मी निळं दाबलं.